उंब्रियातला मे महिना : इटलीच्या गावांतले वसंतोत्सव पाहायला जाताना

इटलीची ठरीव सहल रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी धावते आणि मधला उंब्रिया गाडीच्या खिडकीतून मागे पडतो. या प्रांताला समुद्र नाही, परदेशाची सीमा नाही. आहेत त्या टेकड्या, ऑलिव्हच्या बागा आणि उतारावर दगडात बांधलेली जुनी गावं. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत ही गावं एकामागून एक उत्सवात उतरतात. कुठे शेकडो किलोंचे लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन लोक डोंगर चढतात, कुठे अर्धं गाव दुसऱ्या अर्ध्या गावाशी गाण्यात झुंजतं, कुठे रात्रभर जागून रस्त्यांवर पाकळ्यांचे गालिचे अंथरले जातात.

यातला एकही उत्सव मुळात पाहुण्यांसाठी मांडलेला नाही. गाव तो स्वतःसाठी करतं, वर्षभर त्याची तयारी करतं, आणि आपण तिथे असलो काय, नसलो काय, तो तेवढ्याच जिवाने होतो. म्हणून आपलं वेळापत्रक उत्सवाच्या चालीने आखावं लागतं. एका मे महिन्यात पाच उत्सवांना धावती भेट देण्यापेक्षा दोनच निवडा, पण प्रत्येकाला आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत वेळ द्या. माझा या एका गोष्टीवर फार भर आहे. या उत्सवांचा जीव मुख्य मिरवणुकीपेक्षा आदल्या रात्रीत जास्त असतो.

पहिलं काम : तारीख पक्की करणं

विमानाचं तिकीट नंतर, आधी कॅलेंडर. इथल्या तारखा तीन प्रकारे ठरतात.

काही कायमच्या. गुब्बियोचा चेरी उत्सव (चेरी म्हणजे इथे फळ नाही, खांद्यावर वाहायचे लाकडी मनोरे) 15 मेलाच होतो, वार कोणताही असो. काशियात संत रीताचा दिवस 22 मे. तेर्नीत वसंताच्या स्वागताचे सजवलेले रथ 30 एप्रिलच्या रात्री निघतात.

काही वारावर चालतात. असिसीचं कालेंदिमाज्जो, म्हणजे गावाच्या दोन पक्षांतली वसंतोत्सवाची स्पर्धा, 1 मेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बुधवार ते शनिवार असतं. नार्नीची अंगठीची घोडदौड एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या दुसऱ्या रविवारच्या सुमारास संपते. गुब्बियोतली आडव्या धनुष्यांची स्पर्धा मेच्या शेवटच्या रविवारी असते.

तिसरा प्रकार ईस्टरवर अवलंबून, आणि फसगत होते ती इथेच. स्पेल्लोचे फुलांचे गालिचे कॉर्पुस दोमिनी या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरनंतर 63 दिवसांनी अंथरले जातात. हा रविवार कधी मेच्या शेवटी येतो, तर कधी जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत लांबतो. 2025 मध्ये तो 22 जूनला होता. 2026 मध्ये 7 जून. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणून 30 मे. मुलांच्या शाळेची मे महिन्याची सुट्टी गाठून जायचं असेल, तर ईस्टर लवकर येणारं वर्ष निवडा. त्यातही एक पेच पाहून ठेवा : 30 मे 2027 हा मेचा शेवटचा रविवारही आहे, म्हणजे स्पेल्लोचे गालिचे आणि गुब्बियोची धनुष्यं एकाच दिवशी येतात. अशा वेळी मी डोळे झाकून स्पेल्लो निवडेन.

सर्वसाधारण तारखा अशा काढल्या, तरी तिकिटं काढण्याआधी त्या-त्या नगरपालिकेने किंवा उत्सव समितीने जाहीर केलेला त्या वर्षाचा कार्यक्रम पाहायलाच हवा. हवामान किंवा निवडणूक यामुळे एखादा कार्यक्रम पुढेमागे होऊ शकतो.

दुसरं : जोडी निवडणं

गर्दी, आवाज, धक्काबुक्की सोसत असेल आणि दिवसभर उभं राहता येत असेल, तर गुब्बियो. नाटक, संगीत, जुन्या पोशाखांची आवड असेल तर असिसी. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर स्पेल्लो, कारण तिथे आपल्या गतीने चालत पाहता येतं, बसता येतं. घोड्यांची हौस असेल तर नार्नी. तिथली घोडदौड 1371 च्या नगर-नियमांचा आधार घेते. गावाचे तीन विभाग, मेत्सुले, फ्रापोर्ता आणि सांता मारिया, आपापले घोडेस्वार उतरवतात आणि भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकात अंगठी ओवायची असते. त्या दिवसांत प्रत्येक विभाग स्वतःची खानावळ चालवतो, आणि संध्याकाळी तिथे जेवायला बसलं की आपण कोणत्या बाजूचे हे शेजारचे लोकच ठरवून टाकतात.

श्रद्धेने जाणाऱ्यांसाठी काशिया. 22 मेला तिथे गुलाबांना आशीर्वाद दिला जातो आणि भाविक हातात गुलाब घेऊन उभे असतात. रस्ता डोंगराळ आहे, गाव लहान आहे, मुक्काम आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये.

चांगली जोडी म्हणजे कालेंदिमाज्जोचे शेवटचे दोन दिवस आणि त्यानंतर आठवड्याभराने गुब्बियो. मधल्या दिवसांत पेरूजा, ओर्वियेतो, त्राझिमेनो सरोवर निवांत होतं.

तिसरं : व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. मे-जूनसाठी मुंबईतल्या अर्ज केंद्राच्या वेळा भराभर भरतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागावं. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्जासोबतच्या प्रवास-आराखड्यात गावांची नावं आणि उत्सवाच्या तारखा स्पष्ट लिहा आणि हॉटेलची आरक्षणं त्यांच्याशी जुळवा. उंब्रियात आठ दिवस राहणार हे वाचून कुणाला प्रश्न पडू नये, त्यामागचं कारण कागदावरच दिसावं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी नेहमी तटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवा.

चौथं : मुक्काम कुठे, जायचं कसं

रोमहून फोलिन्योला थेट रेल्वे आहे. फोलिन्यो दिसायला साधं शहर, पण रेल्वेचा सांधा. तिथून स्पेल्लो एक स्टेशन, पुढे असिसी, पुढे पेरूजा. असिसी आणि स्पेल्लो पाहायचं तर फोलिन्योत राहणं स्वस्त आणि सोयीचं. असिसीचं स्टेशन मात्र खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे, वरच्या गावात बसने जावं लागतं.

गुब्बियोला रेल्वे नाही. सर्वांत जवळचं स्टेशन फोस्सातो दी वीको, रोम–आंकोना मार्गावर, साधारण वीस किलोमीटरवर. तिथून किंवा पेरूजाहून बस. 15 मेला रस्ते बंद होतात, बसचे थांबे हलतात आणि शर्यत संपते तेव्हा परतीची बस मिळण्याची आशा धरू नये. म्हणून 14 आणि 15 मेच्या रात्री गुब्बियोतच काढा. खोली पाच-सहा महिने आधी घ्या. गावात नाही मिळाली तर आसपासच्या शेतघरांत पाहा, पण मग स्वतःचं वाहन हवं.

रेल्वेचं कागदी प्रादेशिक तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, मोबाइलवरचं असेल तर त्याचं चेक-इन करावं लागतं. रविवारी आणि 25 एप्रिल, 1 मे, 2 जून या सुट्ट्यांना बस अगदी मोजक्या असतात. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, त्याही बघून ठेवा.

गुब्बियो, 15 मे

गुब्बियोचा रक्षक संत उबाल्दो 16 मे 1160 रोजी वारला. त्याच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हा उत्सव होतो. चेरो म्हणजे अष्टकोनी लाकडी मनोरा, चार मीटरहून उंच, खालच्या चौकटीसह वजन पावणेतीनशे-तीनशे किलोंच्या घरात. असे तीन. एकाच्या माथ्यावर संत उबाल्दो, गवंड्यांचा. दुसऱ्यावर संत जॉर्ज, व्यापाऱ्यांचा. तिसऱ्यावर संत अँथनी, शेतकऱ्यांचा. वाहणाऱ्यांचे सदरे अनुक्रमे पिवळे, निळे, काळे. पँट सगळ्यांची पांढरी, गळ्यात आणि कमरेला लाल. आज गवंड्याच्या घरात जन्मलेला मुलगा सॉफ्टवेअर लिहीत असेल, पण चेरो घराण्यातूनच येतो. कोकणात शिमग्याला पालखी नाचवण्याचा मान ज्या घराचा त्याच घराकडे राहतो, तसंच हे. हे तीन मनोरे उंब्रिया प्रांताचं अधिकृत चिन्हही आहेत.

14 तारखेच्या संध्याकाळी गावात हिंडा. प्रत्येक गटाच्या जेवणावळी चालू असतात, गल्लीगल्लीत गाणी असतात. दुसऱ्या दिवशीचा रस्ता याच वेळी पायी चालून घ्या : व्हिया दान्तेपासून खाली, कोर्सो गारिबाल्दी, मग वर पियात्सा ग्रान्दे हा मोठा चौक आणि तिथून पोर्ता सांतुबाल्दो या वेशीकडे. कुठे गल्ली अरुंद होते, कुठे वळण आहे, कुठून बाजूला निसटता येतं, हे डोळ्यांत बसलं पाहिजे. उद्या विचारायला सवड नसते.

15 ला पहाटेच ढोल ऐकू येतात. तुम्ही नऊ-साडेनऊला पियात्सा ग्रान्देत हवे, कारण दुपारी बाराच्या आधी मनोरे उभे करण्याचा क्षण येतो आणि चौक त्याच्या बराच आधी भरतो. चौक एका बाजूने उघडा, दरीकडे तोंड करून. दुसऱ्या टोकाला पालात्सो देई कोन्सोली ही जुनी भव्य इमारत. त्याच्या घंटाघरातली मोठी घंटा माणसं हातापायांनी लोटून वाजवतात.

मनोरे आधी आडवे असतात. प्रत्येकावर त्याचा प्रमुख, कापोदिएची, चौकटीच्या दांड्यावर उभा राहतो. हातात रंगवलेली मातीची सुरई. मनोरा चौकटीत जिथे बसवलेला असतो त्या सांध्यावर तो पाणी ओततो, लाकूड फुगून पकड घट्ट व्हावी म्हणून. मग सुरई हवेत भिरकावतो आणि त्याच झोकात मनोरा उभा होतो. सुरई लोकांच्या डोक्यांवर येऊन फुटते आणि तिचा तुकडा मिळवायला झुंबड उडते, तो शुभ मानतात. चष्मा असेल तर सांभाळा, लहान मुलाला मध्यभागी नेऊ नका. उभे झालेले मनोरे चौकातल्या ध्वजस्तंभाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने तीन फेऱ्या घेतात आणि मग एकेक करून गावात निघतात.

दुपारी मनोरे घरोघरच्या लोकांना दाखवत फिरवले जातात. ही वेळ पाहुण्याला सर्वांत मोलाची. गर्दी विरळ असते, मनोरा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीखाली थांबतो, वरून कुणीतरी रडत हात हलवतं. जेवण तीनच्या आत उरका, पाणी भरून घ्या, थोडं बसा.

शर्यत संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते. उभं कुठे राहायचं याचे तीन पर्याय. कोर्सोवर थांबलात तर मनोरे वाऱ्यासारखे अंगावरून जातात, काही सेकंदांचा खेळ, पण ती धाप आणि पावलांचा धडधडाट दुसरीकडे मिळत नाही. पियात्सा ग्रान्देत थांबलात तर फेऱ्या नीट दिसतात, मात्र दीडेक तास हलता येणार नाही. तिसरा पर्याय डोंगर. गाव सव्वापाचशे मीटर उंचीवर, संत उबाल्दोचं बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, सव्वाआठशेच्या वर. एकूण मार्ग चार किलोमीटरहून थोडा जास्त, आणि शेवटी हा तीनशे मीटरचा चढ. आधीच वर जाऊन वळणावर थांबलात तर थकलेल्या खांद्यांखाली नवे खांदे धावताधावताच शिरताना दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कोर्सो सांगेन. पाय चांगले असतील तर कोर्सोवरून मनोरे गेल्यावर हळूहळू वर चालत जा.

या शर्यतीत कुणी कुणाला मागे टाकत नाही. पुढे नेहमी उबाल्दो, मग जॉर्ज, मग अँथनी. मग जिंकायचं काय? आपल्या मनोऱ्याला पडू न देणं, डगमगू न देणं, आधीच्याशी अंतर न वाढवणं. वर पोचल्यावर उबाल्दोवाले बासिलिकेचं दार मागच्यांच्या तोंडावर बंद करू पाहतात, तिथेच शेवटची चुरस. कोण जिंकलं असं तिथे विचारू नका. आपला मनोरा कसा धावला, हे विचारा, मग लोक तासभर बोलतील.

"विया केक्कोली!" ही आरोळी आली की पाठ भिंतीला लावा, बॅग पोटाशी घ्या आणि फोन खाली करा. फोटोसाठी हात बाहेर काढणारा माणूस वाहणाऱ्यांचा तोल घालवू शकतो. स्वयंसेवक मागे सरा म्हणाले तर वाद न घालता सरा. मोबाइलचं नेटवर्क गर्दीत कोलमडतं, म्हणून सोबतच्यांशी भेटीची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून ठेवा.

अंधार पडल्यावर संतांच्या मूर्ती मनोऱ्यांवरून उतरवून मेणबत्त्यांच्या उजेडात गात खाली आणल्या जातात. बहुतेक प्रवासी त्याआधीच निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा.

असिसी : गाव विरुद्ध गाव

इथे गावाचे दोन पक्ष : वरचा, निळा, आणि खालचा, तांबडा. मध्ययुगात या भागांतली घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. आजच्या रूपातली स्पर्धा 1954 पासून चालत आली आहे. संत फ्रान्सिस स्वतः संत होण्याआधी याच गल्ल्यांत मित्रांच्या टोळक्यासोबत रात्री गात हिंडायचा, आणि असिसीचे लोक हे अभिमानाने सांगतात.

चार दिवसांत रस्सीखेच, घसरगाडीची शर्यत, आडवं धनुष्य असे खेळ होतात आणि 'मादोन्ना प्रिमाव्हेरा' म्हणजे वसंतराणी निवडली जाते. पण खरा जोर नाट्यप्रवेशांत, मिरवणुकांत आणि समूहगायनात. प्रत्येक पक्ष आपल्या गल्ल्या मशालींनी उजळून तेराव्या ते पंधराव्या शतकातलं जगणं उभं करतो : लोहार, रंगारी, दाई, भिकारी. परीक्षकांत इतिहास, संगीत आणि रंगभूमीचे जाणकार असतात, म्हणून चुकीचं बटणसुद्धा चालत नाही.

पियात्सा देल कोमुने या चौकातल्या बसण्याच्या जागांना तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. एकाच दिवसाचं घ्यायचं तर शनिवारचं घ्या. मिरवणूक, गायन आणि निकाल त्या दिवशी. गल्ल्यांतल्या रात्रीच्या प्रवेशांना जागा फार थोडी असते. तिकीट नाही मिळालं तरी दुपारी रस्त्याकडेला मिरवणुका मोफत दिसतात. मे महिन्यातही तिथली रात्र गार असते, जाड स्वेटर न्या.

स्पेल्लो : पाकळ्यांची रात्र

शनिवारी दुपारी पोचा आणि थेट वर चढा. गालिचे त्याच संध्याकाळी जमिनीवर येऊ लागतात, पण काम आठवड्यांपासून चालू असतं. आजूबाजूच्या शेतांतून आणि सुबासियो डोंगरावरून फुलं आणली जातात, आणि गावातल्या बायका दारांत, तळघरांत बसून एकेक पाकळी सुटी करतात. एक टोपली पिवळी, एक तांबडी, एक जांभळी. हिरव्यासाठी रानबडीशेप, तिचा वास गल्लीभर. काही पाकळ्या वाळवून, काही कुटून भुकटी करतात, म्हणजे एकाच रंगाच्या छटा मिळतात. कृत्रिम रंग चालत नाही, सगळं वनस्पतीचंच हवं. संपूर्ण मार्ग दीडेक किलोमीटरचा.

रात्री वाऱ्यापावसापासून वाचवायला गालिच्यांवर तंबू असतात आणि आत दिव्याखाली पालथी पडलेली माणसं बोटांच्या चिमटीने पाकळ्या पेरत असतात. दहा-अकरा वाजता एकदा फिरा, झोपा, आणि पहाटे साडेपाच-सहाला पुन्हा या. तंबू निघालेले, ऊन तिरपं, गर्दी नाही. हीच वेळ पाहण्याची आणि फोटोंची. अकराच्या सुमारास मिरवणूक निघते आणि रात्रभराचं काम तिच्या पावलांखाली जातं. ते तसंच व्हायचं असतं, त्यासाठीच ते केलेलं असतं. कडेने चाला, वाकून हात लावू नका, मुलांचा हात धरा. वाट चढाची आणि दगडी आहे, सपाट जाड तळव्याचे बूट घाला.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

उंब्रिया मांसाचा प्रांत आहे. डुकराचं भाजलेलं मांस प्रत्येक जत्रेत, आणि गुब्बियोत 15 मेचं मानाचं ताट सुक्या कॉड माशाचं. तरी शाकाहारी उपाशी राहत नाही. तोर्ता आल तेस्तो ही तव्यावरची जाड भाकरी; तिच्यात परतलेली पालेभाजी आणि चीज भरून देतात. गुब्बियोत तिला क्रेश्या म्हणतात. पिठात डुकराची चरबी घातलीय का ते विचारा : "चे लो स्त्रुत्तो?" स्त्रांगोत्सी हा पास्ता ट्रफलसोबत मिळतो. कास्तेल्लुच्योची बारीक मसूर प्रसिद्ध आहे, पण तिच्यात सॉसेज किंवा मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने" हे वाक्य पाठ करून जा. मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनो चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असतं. जैन किंवा कडक शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि शनिवारीच बाजार करून ठेवावा. दुकानं दुपारी एक ते चार बहुधा बंद असतात, आणि उत्सवाच्या दिवशी उघडतीलच असं नाही. गावच्या मांडवात कार्ड नेहमी चालत नाही, खिशात सुट्टे युरो ठेवा.

15 मे हुकलाच आणि 2 जूनला तुम्ही उंब्रियात असाल, तर त्या दिवशीही गुब्बियोला जा. त्या दिवशी गावातली मुलं लहान आकाराचे चेरी घेऊन धावतात, तेच सदरे, त्याच आरोळ्या, आणि कडेला उभे राहून ओरडणारे असतात ते 15 मेला धावलेले त्यांचे बाप.